सिम्पसन्समधला देवदूताचा सांगाडा आणि न उघडलेली डबी

प्रश्न असा आलाय: "अकरा वर्षांच्या लेकीबरोबर सिम्पसन्स ह्या अमेरिकन कार्टूनचा 'लिसा द स्केप्टिक' एपिसोड बघितला. आता दोन दिवस ती विचारतेय की शेवटी बरोबर कोण होतं, लिसा की तिची आई? मी काय सांगू? आणि त्यातला शास्त्रज्ञ टेस्ट न करताच रिझल्ट सांगून मोकळा होतो, खरंच कोणी असं करतं का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण ते छोटं आहे. हो, करतात. मी स्वतः केलंय. तो किस्सा अगदी शेवटी सांगतो, आधी एपिसोडचं बोलू.

माझं काम जीवाश्मांचं. गेली 27 वर्षं हाडं दगडातून सोडवणं, तुटलेली जोडणं, ओळखणं, लेबल लावून कपाटात ठेवणं हेच करतोय. त्यामुळे लोक सतत काहीतरी घेऊन येतात. प्लास्टिकच्या पिशवीत, रुमालात, एकाने तर जेवणाच्या डब्यात आणलं होतं, वरच्या कप्प्यात पोळीभाजी आणि खालच्या कप्प्यात "डायनासोरचा दात". त्यातलं बहुतेक हाड नसतंच. म्हणून हा एपिसोड मी जेव्हा जेव्हा बघतो तेव्हा हसता हसता मध्येच थोडं पोटात दुखतं.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नववा सीझन, 23 नोव्हेंबर 1997 ला अमेरिकेत दाखवला गेला. स्प्रिंगफील्डमध्ये जिथे पूर्वी जीवाश्म सापडलेत अशा माळावर नवीन मॉल होणार असतो. लिसा, म्हणजे घरातली ती आठ वर्षांची हुशार मुलगी, अडून बसते की आधी तिथे उत्खनन करू द्या, आणि मॉलवाले चक्क परवानगी देतात (हे लक्षात ठेवा). शाळेची मुलं खणायला लावतात आणि लिसालाच सापडतो माणसाचा सांगाडा, पण पाठीला पंख असलेला. सगळं गाव म्हणतं देवदूत! लिसा म्हणते काहीतरी दुसरं कारण असणार. बाप होमर तो सांगाडा उचलून घरी गॅरेजमध्ये टांगतो आणि माणशी 50 सेंट घेऊन दर्शन सुरू करतो. लिसा अंगठ्याच्या हाडाचा तुकडा खरवडून म्युझियममधल्या शास्त्रज्ञाकडे नेते, तो नंतर येऊन सांगतो की निष्कर्ष निघत नाही. गाव चिडतं, विज्ञानाच्या संस्था फोडतं. मग सांगाडा गायब, आळ लिसावर, तिला अटक, खटला, आणि तेवढ्यात सांगाडा टेकडीवर दिसतो, त्यावर लिहिलेलं असतं की सूर्यास्ताला शेवट होणार. सगळे टेकडीवर जमतात, सूर्य मावळतो, आकाशातून आवाज येतो, शेवट... महाग किमतींचा! मॉलच्या उद्घाटनाची जाहिरात होती ती. लिसा संतापते, पण गाव अर्ध्या मिनिटात देवदूत विसरून शॉपिंगला पळतं.

पंचेस जबरदस्त आहेत. लिसा घाईघाईत एक थिअरी ठोकून देते की असेल एखादा निअँडर्थल (आदिमानवाची नामशेष झालेली जात) ज्याला मासे चावले असतील, त्यावर गावातला बारवाला मो म्हणतो, देवदूत सगळ्यांना माहिती आहेत पण निअँडर्थल कोणी कधी ऐकलाय का? आणि हाच मो म्युझियम फोडायला जातो, तिथे मॅमथचा सुळा पाठीवर पडून जायबंदी होतो आणि तिथल्या तिथे म्हणतो की आता वैद्यकीय विज्ञान मला बरं करेल अशी आशा आहे. हा जोक लिहिणारा डेव्हिड कोहेन स्वतः हार्वर्डमधून फिजिक्स शिकलेला, पुढे फ्युचुरामा ह्या कार्टूनवर होता तोच.

आता मुद्द्यावर येऊ. बहुतेक जण ह्या एपिसोडला विज्ञान विरुद्ध धर्म म्हणतात. मला ते पटत नाही. माझ्या मते हा एपिसोड एका न उघडलेल्या डबीबद्दल आहे. सगळं गाव, लिसा, तिची आई, टीव्हीवाले, कोर्ट, सगळे जण एका सांगाड्यावरून भांडतात आणि ज्याच्या हातात तो खरवडलेला तुकडा असतो तो एकटा माणूस, ज्याला दहा मिनिटांत हे भांडण मिटवता आलं असतं, तो काहीच करत नाही. शेवटी तो कबूलही करतो की टेस्ट मी केलीच नव्हती.

इथे आपल्या मराठीची एक गंमत सांगतो. स्केप्टिकला, म्हणजे पुरावा बघितल्याशिवाय न मानणाऱ्याला, आपल्याकडे धड शब्दच नाही. संशयी म्हटलं की डोळ्यासमोर बायकोचा फोन चेक करणारा नवरा येतो. नास्तिक म्हणावं तर लिसा नास्तिक नाहीये, ती आईला स्पष्ट सांगते की मला आध्यात्मिक बाजू नाही असं नाही, फक्त आपल्या गॅरेजमध्ये मेलेला देवदूत टांगलाय हे पचत नाही. (चार वर्षांनी, डिसेंबर 2001 च्या एका एपिसोडमध्ये ती बौद्ध होते, आणि त्यानंतर राहते बौद्धच.) चिकित्सक हा शब्द जवळ जातो पण तो घरात कौतुकाने कोणी वापरत नाही, "फार चिकित्सक आहे बाई" म्हणजे भाजीत मीठ बरोबर आहे की नाही हे तीनदा सांगणारी. शाळेत गुरुजी म्हणतात शंका असेल तर विचारा, आणि घरी आल्यावर आजोबा म्हणतात उगाच शंका घेऊ नकोस, संशयात्मा विनश्यति. शंका तीच, विचारली तर हुशार, घेतली तर आगाऊ. लिसा ह्याच दोन क्रियापदांच्या मध्ये अडकलीय बिचारी.

आता हाडं. समजा तो सांगाडा माझ्या टेबलावर आला असता तर काय केलं असतं ते सांगतो, कारण मुलीला हे आवडेल.

पहिलं म्हणजे लॅबच नको, नुसते डोळे पुरे. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यात पंख फुकट मिळत नाही, हात द्यावा लागतो. पक्ष्याचा पंख म्हणजे त्याचा हात. वटवाघळाचा पंख म्हणजे लांबलेली बोटं आणि मध्ये कातडी. डायनासोरांच्या काळात उडणारे टेरोसॉर होते त्यांचा पंख एका चौथ्या बोटावर ताणलेला. तीन वेगवेगळ्या वेळी उडणं जमलं आणि तिन्ही वेळी किंमत तीच, पुढचे दोन पाय. जमिनीवरच्या सगळ्या कणावाल्या प्राण्यांचा पूर्वज 35 कोटींहून जास्त वर्षांपूर्वी चार पायांचा होता आणि तेव्हापासून हा हिशोब चारच्या वर गेलेला नाही, सापाने कमी केले, वाढवले कोणीच नाहीत. देवदूताला दोन पाय, दोन हात, वर दोन पंख. सहा. हा कीटकांचा आकडा झाला.

बरं पंख आहेत मान्य केलं तरी ते हलवणार कोण? कबुतराच्या छातीचं हाड हातात घेऊन बघा, मधोमध होडीच्या तळासारखी उभी धार असते. उडण्याचे स्नायू तिथे चिकटतात आणि ते थोडेथोडके नसतात, कबुतराच्या वजनाचा पाव हिस्सा किंवा जास्तच. माणसाचं छातीचं हाड सपाट, टायसारखं. त्याच्यावर पंख बसवले तर ते दिवाळीच्या आकाशकंदिलाच्या झिरमिळ्यांसारखे लोंबत राहतील. शिवाय पंखाला पाठीमागे स्वतःचा सांधा लागेल, स्नायू चिकटल्याच्या खडबडीत खुणा लागतील, जिथे स्नायू ओढतो तिथे हाडावर ओरखडा राहतोच. नकली सांगाडा करणारे नेमकं हेच विसरतात, हाड गुळगुळीत करतात.

कोणी म्हणेल मग आपल्या चतुर्भुज देवांचं काय? त्यांचा हिशोब मी करत नाही. गाभाऱ्यात उभा राहून कोणी खांद्याचे सांधे मोजत नाही आणि मोजूही नयेत, ते चार हात हाड म्हणून नसतातच तिथे. पण उद्या कोणी चार हातांचा सांगाडा गॅरेजमध्ये टांगून तिकीट लावलं तर मात्र मी भिंग घेऊन जाणार आणि सांधे मोजणार. माझ्यासाठी सगळा फरक एवढाच आहे.

दुसरं, कुठे सापडलं? आमच्यात हाड आणणाऱ्याला पहिला प्रश्न हा असतो, काय आहे हा नाही. कुठल्या थरात होतं, वरची माती सलग होती का, की खड्डा करून परत भरल्यासारखी भुसभुशीत? पुरलेल्या वस्तूभोवतीची माती चुगली करते, रंग मिसळलेला असतो, थर तुटलेले असतात. लिसाने हे बघायलाच हवं होतं, पण शाळेची पोरं फावडी घेऊन घुसल्यावर कसला थर आणि कसलं काय, आणि नंतर होमरने सांगाडा उचलून नेला तिथेच अर्धा पुरावा गेला. कोणी हाड उचलून, धुऊन, पुसून, तेल लावून आणलं ना की मला होमरच आठवतो. लोक चांगल्या मनानेच करतात हो.

तिसरं मग ती टेस्ट. खरं जुनं हाड सच्छिद्र असतं, ओल्या जिभेला लावलं तर चिकटतं. फील्डवर आम्ही अजून करतो हे (तुम्ही करू नका, आणि मुलीला तर सांगूच नका). मग नख. पीओपी किंवा जिप्सम असेल तर नखाने ओरखडा उठतो, हाडावर उठत नाही. मग तापवलेली सुई, रेझिन असेल तर प्लास्टिक जळल्याचा वास येतो. डायल्यूट ॲसिडचा एक थेंब, चुनखडी असेल तर फसफसतं. आणि शेवटी मायक्रोस्कोपखाली, हाडात रक्तवाहिन्यांसाठी बारीक नळ्या असतात आणि प्रत्येक नळीभोवती गोल गोल कडी, झाडाच्या खोडासारखी. ती रचना प्लास्टरमध्ये कोणाला करता येत नाही. चहा गार व्हायच्या आत ह्यातलं बरंच उरकतं. एपिसोड अख्खा बावीस मिनिटांचा, म्हणजे टेस्ट केली असती तर जाहिरातींच्या पहिल्या ब्रेकला संपला असता.

आता तो शास्त्रज्ञ कोण ते बघा, कारण इथे खरी मजा आहे. तो काल्पनिक नाही. स्टीफन जे गूल्ड, हार्वर्डचा खराखुरा जीवाश्मशास्त्रज्ञ, त्याने स्वतःचा आवाज दिलाय. 1972 मध्ये नाइल्स एल्ड्रेजबरोबर त्याने मांडलं होतं की उत्क्रांती सारखी संथ नसते, लांबलचक शांतता आणि मध्येच झपाट्याने बदल असं दिसतं. 1981 मध्ये आर्कान्सामध्ये शाळेत उत्क्रांतीच्या बरोबरीने सृष्टिनिर्मितीची धार्मिक कल्पना शिकवायचा कायदा आला तेव्हा त्याच्या विरोधात साक्ष द्यायला तो कोर्टात उभा राहिला आणि तो कायदा रद्द झाला. आणि ह्या एपिसोडच्या वर्षीच, मार्च 1997 मध्ये, त्याने एक निबंध लिहिला की विज्ञान आणि धर्म ह्यांची क्षेत्रंच वेगळी आहेत, जग कसं चालतं ते विज्ञानाने सांगावं, कसं जगावं आणि त्याचा अर्थ काय ते धर्माने, एकाने दुसऱ्याच्या बांधावर जाऊ नये. एपिसोडमध्ये जज काय हुकूम देतो? धर्माने विज्ञानापासून 500 यार्ड लांब राहावं! म्हणजे गूल्डची अख्खी थिअरी एका ओळीत, पोलिसी भाषेत. हसू येतं, पण दोन्ही बाजूंचे लोक त्याच्यावर ह्याच कारणाने चिडायचे की बांध इतका सरळ आखता येतो का. मला विचाराल तर नाही येत. मघाशी चार हातांचं बोललो ते गाभारा आणि गॅरेज वेगळे असतात तोवर ठीक. गाभाऱ्यातच तिकीट सुरू झालं की बांध कुठे गेला?

इतक्या मोठ्या माणसाने स्वतःला आळशी आणि खोटारडा दाखवायला होकार दिला, मला त्यासाठी तो फार आवडतो. मे 2002 मध्ये तो गेला तेव्हा सिम्पसन्सवाल्यांनी त्या सीझनचा शेवटचा एपिसोड त्याच्या स्मृतीला अर्पण केला.

होमरचे 50 सेंट पण हवेतून आलेले वाटत नाहीत मला. न्यूयॉर्क राज्यात कार्डिफ नावाचं गाव आहे, तिथे 16 ऑक्टोबर 1869 ला विहीर खणताना दहा फुटी दगडी माणूस सापडला. शेतमालकाने लगेच तंबू ठोकून 25 सेंट तिकीट लावलं, गर्दी वाढल्यावर 50 केलं. लोक म्हणाले बायबलमध्ये लिहिलेत ते राक्षस खरेच होते. मागे होता जॉर्ज हल नावाचा सिगारवाला, पक्का नास्तिक. त्याचा एका मेथॉडिस्ट धर्मोपदेशकाशी ह्याच राक्षसांवरून वाद झाला होता, तर पठ्ठ्याने आयोवामधून जिप्समचा मोठा दगड आणला, शिकागोत माणूस कोरून घेतला, ॲसिड लावून जुना केला, त्वचेला छिद्रं पडावीत म्हणून सुया ठोकल्या आणि नातेवाइकाच्या शेतात वर्षभर पुरून ठेवला. येल विद्यापीठाचा जीवाश्मशास्त्रज्ञ मार्श आला आणि त्याने बघता बघता सांगितलं की ताजा आहे, छिन्नीच्या खुणा दिसतायत, शिवाय जिप्सम पाण्यात विरघळतो, ओल्या जमिनीत इतका गुळगुळीत राहीलच कसा. म्हणजे मार्शने डबी उघडली. गर्दी मात्र हटली नाही! खेळ-तमाशे दाखवणाऱ्या पी. टी. बार्नमला तो पुतळा विकत मिळेना तर त्याने सरळ त्याची नक्कल करून न्यूयॉर्कमध्ये लावली, आणि लोक खोट्याची खोटी कॉपी बघायला पैसे देऊन गेले. हा बार्नम म्हणजे माकडाचं धड आणि माशाची शेपूट जोडून जलपरी म्हणून दाखवणारा.

एपिसोडमधला लिसावरचा खटलासुद्धा तसाच. 1925 मध्ये टेनेसीतल्या डेटन गावात जॉन स्कोप्स नावाच्या शिक्षकावर उत्क्रांती शिकवली म्हणून केस झाली, 100 डॉलर दंड झाला, जगभर गाजली. पण ती सुरू कशी झाली? गावातली चार मंडळी औषधाच्या दुकानात बसून ठरवतात की ह्या केसने गावाचं नाव होईल, धंदा येईल, आणि स्कोप्सला बोलावून विचारतात, उभा राहतोस का. विज्ञान विरुद्ध धर्म ह्या सगळ्यात प्रसिद्ध खटल्याच्या मुळाशी गावाची जाहिरात होती. त्यामुळे शेवटी मॉल निघतो तेव्हा लोकांना तो नुसता विनोद वाटतो, मला तर तो इतिहासच वाटतो.

आणि आपण हसायचं कारण नाही. घटोत्कचाच्या सांगाड्याचा फोटो तुम्हालाही आला असेलच, खड्ड्यात प्रचंड कवटी आणि बाजूला मुंगीएवढी माणसं. तो 2002 मध्ये एका फोटोशॉप स्पर्धेसाठी केलेला आहे. मूळ फोटो न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्कमधल्या उत्खननाचा, तिथे मॅस्टोडॉन सापडला होता, म्हणजे हत्तीचा नामशेष नातेवाईक. बिचाऱ्याची हाडं पुसून तिथे माणूस बसवला. मला हा फोटो आजवर नातेवाइकांकडून किमान पंधरा वेळा आलाय, दोनदा तर एकाच काकांकडून, आणि दुसऱ्या वेळी खाली लिहिलेलं होतं "तू ह्यातला आहेस म्हणून मुद्दाम पाठवतोय".

आता लिसा की मार्ज, म्हणजे तिची आई.

माझं मत, लिसाचं उत्तर बरोबर निघालं पण तिची पद्धत अर्धीच बरोबर होती. मागणी बरोबर, तुकडा तपासायला नेला हे तर एकदम बरोबर. पण रिझल्ट यायच्या आधीच तिने मासे चावलेला निअँडर्थल काढला, म्हणजे काहीही चालेल पण देवदूत नको. आणि गूल्डने सांगितलं "निष्कर्ष नाही" तर तिने विचारलं नाही की कोणती टेस्ट केली, आकडे दाखवा. मोठा माणूस म्हणाला म्हणून मानलं. ह्याला आपण काय म्हणतो? श्रद्धाच म्हणतो की! पुढे ती हातोडा घेऊन सांगाडा फोडायला निघते तेव्हा तर ती गावासारखीच झाली, फक्त बाजू वेगळी.

मार्जचं सोपं नाही. ती म्हणते डोळ्यांना दिसतं त्याच्या पलीकडे काहीतरी असलंच पाहिजे, आणि कधीतरी तेवढी उडी मारता येत नसेल तर मला तुझी कीव येते. लेकीला असं बोलणं जरा कठोरच. पण तिने तिकीट लावलं नाही, म्युझियम फोडलं नाही. मला माझी आई आठवते. 21 सप्टेंबर 1995, गणपती दूध पितोय म्हणून देशभर, परदेशातल्या देवळांतसुद्धा रांगा लागल्या होत्या. मी तेव्हा जिऑलॉजीचा विद्यार्थी, अंगात नवीन नवीन विज्ञान. आईला थांबवून सगळं समजावलं, पृष्ठताण, चमचा टेकला की दूध मूर्तीवर ओढलं जातं आणि बारीक ओघळ होऊन खाली जातं, पांढऱ्या मूर्तीवर पांढरं दिसत नाही, रंग घालून बघ. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते आहेच रे. पण शेजारच्या काकू कधीच्या घराबाहेर पडल्या नव्हत्या, त्या आज माझ्याबरोबर येतायत." आणि वाटी घेऊन गेली. ह्यावर काय बोलणार होतो मी?

एपिसोडच्या शेवटी तो आवाज घुमतो तेव्हा लिसा घाबरून आईचा हात घट्ट धरते. नंतर आईने हे बोलून दाखवल्यावर आधी ती कबूलच करत नाही. मुलीबरोबर बघताना तिथे पॉज करा. तिला कोण बरोबर असं विचारू नका, हे विचारा की प्रत्येकाने आपलं उत्तर कधी ठरवलं, तुकडा तपासायच्या आधी की नंतर? माझ्या भाचीने मोजून सांगितलं होतं की "नंतर"वाला एकही नाहीये. आणि मग तिने विचारलं की मॉलवाल्यांना तर आधीच माहिती होतं ना? बरोबर. सगळ्या गोष्टीत एकाच माणसाला श्रद्धाही नव्हती आणि शंकाही नव्हती, तो सांगाडा पुरणारा.

आता माझा किस्सा, शब्द दिलाय तर.

दहा-बारा वर्षांपूर्वी मराठवाड्यातून एक रिटायर्ड गुरुजी आले. त्यांच्या गावात नदीकाठची दरड कोसळली होती आणि आतून लांब, पांढरट, बोटं फुटल्यासारखे तुकडे बाहेर आले होते. गाव म्हणालं राक्षसाचा हात. गुरुजींना पटेना. त्यांनी एक तुकडा खरवडून फोटोच्या रोलच्या काळ्या डबीत भरून आणला, बस बदलत बदलत, आणि टेबलावर ठेवून म्हणाले, "तेवढं बघून सांगा, गावात पत्र्याचं शेड टाकायचं चाललंय." मी म्हटलं ठेवा. माझा एक रिपोर्ट अडकलेला होता. डबी ड्रॉवरमध्ये गेली. महिन्याभराने त्यांचा फोन आला तेव्हा मला डबी आठवली, पण ती उघडलीच नाही असं सांगायची लाज वाटली. म्हणालो, "गुरुजी, निश्चित काही सांगता येत नाही."

हे वाक्य टेस्ट करूनही म्हणता येतं आणि न करताही. ऐकणाऱ्याला दोन्ही सारखीच ऐकू येतात.

चार महिन्यांनी ड्रॉवर आवरताना डबी हाताला लागली. ॲसिडचा थेंब टाकला, सोडा वॉटरसारखं फसफसलं. तेवढ्यावर हाड नाही म्हणता येत नाही, आमच्या नद्यांच्या थरातल्या खऱ्या हाडातही चुना भरलेला असतो, म्हणून भिंगाखाली बघितलं. हाडाची जाळी कुठेच नाही. कंकर. झाडाच्या मुळांभोवती चुना साठत जातो, मूळ कुजून जातं आणि नळी राहते, फाटे फुटलेली, अगदी बोटांसारखी. सगळं मिळून सात-आठ मिनिटं लागली.

फोनवर सांगणं बरं वाटेना म्हणून गावी गेलो. शेड झालं होतं. आत हळदकुंकू वाहिलेला तो "हात", समोर दानपेटी, आणि दारावर ऑइलपेंटने रंगवलेला बोर्ड, "शास्त्रज्ञांनाही सांगता आले नाही". गुरुजी काही बोलले नाहीत. चहा दिला. मी चार माणसांसमोर तुकडा घेऊन ॲसिड टाकून दाखवलं, मुळाची नळी दाखवली, माझी चूक पण सांगितली. लोकांनी शांतपणे ऐकलं, एकाने तर फोटोही काढला माझा शेडसमोर उभं करून.

पुढच्या वर्षी त्याच रस्त्याने जाणं झालं तेव्हा मुद्दाम गाडी वळवली. बोर्ड नवीन होता, अक्षरं आधीपेक्षा मोठी. "शास्त्रज्ञ स्वतः येऊन पाहून गेले."